फिल्मआधी पाठ तपासा

1934 साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यविशारदांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मणक्यांमधली गादी फाटते, तिचा गर बाहेर येऊन नसेवर दाबतो आणि कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते, हे त्यांनी शस्त्रक्रियांच्या आधारे मांडलं. सायटिकाचं कोडं उलगडलं. पण पुढे जवळजवळ प्रत्येक पाठदुखीचं खापर गादीवर फुटू लागलं, आणि एमआरआय आल्यावर तर त्याला फिल्मचा पुरावाच मिळाला.

हा पुरावा किती तकलादू आहे, ते 2015च्या एका अभ्यासात दिसलं. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. विशीतल्या 37 टक्के लोकांत गादीची झीज होती, ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांत. ही झीज बहुतेकदा केस पिकण्यासारखीच असते. तरी 'मणक्यात गॅप आहे' एवढं कानावर पडलं, की चाळिशीतली धडधाकट बाई कळशी उचलणं सोडते, पट्टा आवळते आणि अंथरूण धरते. पाठीचे स्नायू ढिले पडतात, दुखणं मुक्कामाला येतं. हे नुकसान रिपोर्टनं घातलेल्या भीतीचं आहे.

पडून राहा, असं एकेकाळी डॉक्टरच सांगत. 1995 साली हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस सक्त विश्रांती दिली, काहींना व्यायाम दिला, तर काहींना झेपतील तशी रोजची कामं करू दिली. कामं करणारे सर्वांत चांगले सावरले. झोपून राहिलेले सर्वांत हळू.

चांगला अस्थितज्ज्ञ फिल्म नंतर बघतो. आधी तो पेशंटला उताणं झोपवतो, टाच तळहातावर घेतो आणि गुडघा न वाकवता पाय सावकाश उचलतो. नुसती मांडीमागची शीर ताणली तर फारशी काळजी नाही. कळ गुडघ्याखाली पोटरीत चमकली तर नसेचा संशय. मग पायाचा अंगठा वर ओढायला सांगून बोटानं दाबत जोर अजमावतो, टाचांवर नि चवड्यांवर चालवतो, घोट्यामागे हातोडी मारतो. कोणती नस दबली, ते बहुधा इथेच उमगतं. मान आखडून हाताला मुंग्या येत असतील, तर हीच तपासणी हाताची. गादी खरोखर नसेवर आलेलेही बहुतेक जण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात.

आपल्या देशात मात्र एका आजाराचं भान सुटता कामा नये: मणक्याचा क्षय. बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी 1975 साली त्यावर मध्यम मार्ग मांडला. क्षयाची औषधं सगळ्यांना, शस्त्रक्रिया गरज असेल त्यांनाच. पांगळेपणाच्या उंबरठ्यावरची माणसं या औषधांनी उठून चालू लागली आहेत. दुःख एवढंच, की मालिश नि गोळ्यांत महिने जातात आणि निदान उशिरा होतं.

  

पाठ दवाखान्याबाहेरही वाचवता येते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पोत्याचं वजन 50 किलोवर आणण्यासाठी झगडा केला. ते काम मला कुठल्याही शस्त्रक्रियेच्या तोडीचं वाटतं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. उसण भरली तर घाबरू नका, हिंडतेफिरते राहा. रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप आणि घटतं वजन एकत्र दिसलं तर क्षयाची तपासणी मागून घ्या. आणि पाय लुळा पडू लागला, जांघेतली संवेदना गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठा.