'अकिलीस' क्रूझरची कामगिरी

बर्कनहेड येथील कॅमल लेअर्ड यांच्या गोदीत घडलेली व १९३२ साली जलावतरण झालेली 'अकिलीस' ही ब्रिटिश क्रूझर 'हलक्या' वर्गात मोडत असे. आठ सहा-इंची तोफा, ताशी बत्तीस सागरी मैलांचा वेग आणि बेताचे चिलखत एवढाच तिचा सरंजाम होता; आणि १३ डिसेंबर १९३९ रोजी सकाळी दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखाबाहेर 'ग्राफ श्पे' या ज्या जर्मन युद्धनौकेशी तिची गाठ पडली, तिच्या अकरा-इंची तोफेचा एकेक गोळा 'अकिलीस'च्या गोळ्याच्या सुमारे सहापट वजनाचा होता.

शत्रूचा मारा विभागला जावा म्हणून ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख कमोडोर हारवुड यांनी ताफ्यातील 'एक्सेटर' क्रूझरला एका बगलेस धाडले व 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' यांना दुसऱ्या. 'अकिलीस'वर निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते व त्या देशाचे निशाण तिच्या डोलकाठीवर फडकत होते.

लढाई ऐन रंगात असता एक गोळा जहाजालगत पाण्यावर फुटला आणि त्याचे तुकडे तोफनियंत्रणाच्या मनोऱ्याचा पातळ पत्रा भेदून आत शिरले. तोफखान्याचे अधिकारी वॉशबर्न यांच्या मस्तकास जखम झाली; सार्जंट ट्रिंबल तर गंभीर घायाळ होऊनही चकार शब्द न काढता अखेरपर्यंत जागेवर उभे राहिले; आणि मृत सोबत्यांच्या शेजारी बसून उरलेल्यांनी अंतर, दिशा व वेग यांचे गणित चालूच ठेवले. मला या जहाजाचे खरे शौर्य या अरुंद मनोऱ्यातच दिसते, कारण तोफ डागण्यास आवेश पुरतो, परंतु रक्ताने माखलेल्या यंत्रावर अचूक आकडा लावण्यास त्याहून दुर्मिळ असे मनोबल लागते. 'एजॅक्स'शी माऱ्याचा मेळ राखणारे बिनतारी यंत्रही त्याच सुमारास बंद पडले; त्यामुळे 'अकिलीस'च्या आखूड पडणाऱ्या गोळ्यांविषयी टेहळणीच्या विमानातून आलेल्या सूचना 'एजॅक्स'ने स्वतःच्या समजून पाळल्या व तिचे गोळे शत्रूपलीकडे जाऊ लागले. 'एक्सेटर' जर्जर होऊन मागे फिरली, तरी या दोघींनी 'ग्राफ श्पे'चा पिच्छा माँटेव्हिडिओपर्यंत सोडला नाही. चार दिवसांनी जर्मनांनी ती स्वहस्ते बुडविली.

पुढे १९४३ च्या जानेवारीत सॉलोमन बेटांपाशी जपानी बॉम्बने 'अकिलीस'चा एक तोफमनोरा निकामी केला. दुरुस्तीनंतर ती पॅसिफिकमधील ब्रिटिश आरमारात दाखल झाली. १९४८ मध्ये ती भारताने घेतली, तिचे नाव 'दिल्ली' ठेवले, आणि प्लेटच्या लढाईत दोन्ही पायांना जखमा होऊनही जिचे कप्तानपद पॅरी यांनी सांभाळले, त्याच नौकेला स्वतंत्र भारताच्या आरमारात पाहण्याचा योग त्यांना त्या आरमाराचे सरसेनापती म्हणून आला. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या मोहिमेत तिने पुन्हा तोफा डागल्या.