फरफ्युरल
फरफ्युरल हे शेतातील टाकाऊ मालापासून व लाकडाच्या भुशापासून मिळणारे एक द्रवरूप सेंद्रिय संयुग आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे ५, हायड्रोजनचे ४ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. ताजे फरफ्युरल रंगहीन असते; हवेच्या संपर्कात ते पिवळे, मग तपकिरी होते. त्याचा वास कडू बदामासारखा असला तरी ते विषारी आहे. उत्कलनबिंदू सुमारे १६२° से. लॅटिन भाषेत 'फर्फर' म्हणजे कोंडा. त्यावरून हे नाव पडले.

== इतिहास ==
जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान डोबेरायनर यांना हे द्रव्य फॉर्मिक आम्ल तयार करताना अल्प प्रमाणात मिळाले. १८४० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी कोंडा, भुसा इत्यादी पदार्थ सल्फ्युरिक आम्लासह ऊर्ध्वपातित करून ते मिळवून दाखवले. त्यानंतर ऐंशी वर्षे ते प्रयोगशाळेतच राहिले. १९२२ मध्ये अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे ओटच्या टरफलांपासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

== निर्मिती ==
वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, लिग्निन व हेमिसेल्युलोज असतात. हेमिसेल्युलोजमधील पेंटोसान आम्ल व वाफ यांच्या योगाने विघटित होऊन झायलोज ही शर्करा बनते; तिच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युरल उरते. हिशेबाने १०० ग्रॅम पेंटोसानपासून सुमारे ७३ ग्रॅम फरफ्युरल मिळावयास हवे. प्रत्यक्षात पुष्कळ कमी मिळते, कारण तयार झालेले फरफ्युरल तेथेच झायलोजशी व स्वतःशी संयोग पावून काळा, निरुपयोगी राळसदृश पदार्थ बनवते. म्हणून ते तयार होताच वाफेबरोबर बाहेर काढावे लागते. या पद्धतीची खरी अडचण हीच: वाफ फार लागते, आणि आम्लयुक्त सांडपाण्याची विल्हेवाट लावावी लागते.

== उपयोग ==
बरेचसे फरफ्युरल फरफ्युरिल अल्कोहोल करण्यासाठी वापरतात. त्यापासून बनलेली रेझिने ओतकामातील वाळूचे साचे घट्ट करतात. वंगणतेलाच्या शुद्धीकरणातही त्याचा विद्रावक म्हणून उपयोग होतो.

== कच्चा माल ==
चीनमध्ये, म्हणजे सर्वांत मोठ्या उत्पादक देशात, दाणे काढलेली मक्याची कणसे वापरतात. डॉमिनिकन प्रजासत्ताक व दक्षिण आफ्रिका येथे उसाचे चिपाड. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत चिपाड मुबलक असले तरी ते बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज निर्माण करतात. त्यामुळे त्याला 'टाकाऊ' म्हणणे तितकेसे बरोबर नाही. मात्र फरफ्युरल काढून घेतल्यावर उरणारा सेल्युलोज व लिग्निनयुक्त चोथाही जाळता येतो.