नाशिक परिसरातील एकदिवसीय सहली : स्थळे, ऋतुमान आणि ग्रामीण अर्थव्यवहार

प्रस्तावना

पर्यटनशास्त्रात मुक्कामी पर्यटक आणि एकदिवसीय पर्यटक असा स्पष्ट भेद केला जातो. जो प्रवासी भेटीच्या ठिकाणी किमान एक रात्र राहतो तो पर्यटक, आणि जो त्याच दिवशी परततो तो एकदिवसीय भेटकर्ता, ही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनविषयक संघटनेची व्याख्या आता सर्वमान्य झाली आहे. हा भेद केवळ तांत्रिक नाही. पर्यटकांची मोजदाद प्रामुख्याने निवासव्यवस्थेच्या नोंदींवरून होत असल्यामुळे सकाळी निघून सायंकाळी परतणारा माणूस या नोंदींत येतच नाही. तो रस्ता वापरतो, पाणी वापरतो, कचरा मागे ठेवतो, क्वचित काही खरेदीही करतो. तथापि नियोजनाच्या कागदावर त्याचे अस्तित्व नसते. नाशिक शहराभोवतालच्या ग्रामीण पर्यटनाचा विचार या न मोजल्या गेलेल्या माणसापासून करावा लागतो, कारण येथील बहुसंख्य ग्रामीण स्थळे शहरापासून दोन तासांच्या आत पोहोचता येण्याजोगी आहेत आणि म्हणूनच ती मुक्कामाची नव्हे तर सहलीची स्थळे ठरली आहेत.

सहल ही या प्रदेशास नवी गोष्ट नाही. श्रावणातील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, पौष महिन्यातील संत निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वर येथील यात्रा, चैत्रात खानदेशातून पायी सप्तशृंग गडावर जाणारे भाविक ही सारी प्रवासाचीच जुनी रूपे होत. देवदर्शनाच्या निमित्ताने बैलगाडी आणि नंतर एस.टी.ने घडणाऱ्या प्रवासाची जागा खासगी वाहनाने घेतली, तेव्हा निमित्तही बदलले. धबधबा, किल्ला, पक्षी, द्राक्षबाग ही निमित्ते मुख्यतः गेल्या दोन-तीन दशकांतील आहेत.

पर्जन्यमान आणि सहलीचे वेळापत्रक

नाशिक जिल्ह्याच्या भूगोलाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने घटत जाणारा पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी येथे वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या घरात असते, तर अवघ्या काही तासांच्या अंतरावरील सिन्नर तालुक्यात ते पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास येते. एकाच जिल्ह्यात भातखाचरे आणि बाजरीचे माळ अशा दोन्ही प्रकारच्या शेती आढळतात, त्या यामुळेच. सहलींचे वेळापत्रकही याच उतारावर बसलेले आहे. जून ते सप्टेंबर या काळात गर्दीचा ओघ पश्चिमेस, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांकडे असतो. हिवाळ्यात तो निफाड, दिंडोरी व सिन्नर या तालुक्यांकडे वळतो. उन्हाळ्यात देवस्थाने वगळता ग्रामीण भाग जवळजवळ मोकळा राहतो. म्हणजे कोणत्याही एका गावाच्या वाट्यास पर्यटनाचे उत्पन्न येते ते वर्षातील तीन-चार महिने, आणि त्यातही मुख्यत्वे शनिवार-रविवारी.

नांदूरमध्यमेश्वर

नाशिकच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी एक दगडी बंधारा बांधण्यात आला. गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांना पाणी वळविणे हा त्याचा हेतू होता. पुढील दशकांत नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि सिंचनाच्या दृष्टीने जे नुकसान होते तेच पक्ष्यांसाठी आश्रयस्थान झाले. १९८६ मध्ये या क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये ते रामसर करारांतर्गत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदले गेले. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर जागा होय. दोनशेहून अधिक पक्षिजातींची येथे नोंद आहे. चक्रवाक, क्रौंच, रोहित, उघड्या चोचीचा करकोचा, जांभळी पाणकोंबडी हे पक्षी हिवाळ्यात साध्या दुर्बिणीनेही सहज दिसतात. चापडगावच्या बाजूस निरीक्षण मनोरे आहेत. परिसरातील काही तरुण पक्षी ओळखण्यात तरबेज झाले असून मार्गदर्शक म्हणून काम करतात. पक्ष्यांची इंग्रजी नावे त्यांनी शाळेत नव्हे, तर बंधाऱ्याच्या काठी आत्मसात केली आहेत.

येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळू शकेल. त्यात सहसा न येणारी बाजू अशी की, पक्ष्यांना जगविणारा हा गाळच वरच्या अंगास असलेल्या गावांच्या मुळावर आल्याची तेथील शेतकऱ्यांची तक्रार आहे. बंधाऱ्यामागील पात्राची पाणी सामावून घेण्याची क्षमता घटली की पुराचे पाणी मागे फुगते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चांदोरी आणि सायखेडा या गावांना त्याचा मोठा फटका बसला. गाळ काढावा, बंधाऱ्याची विसर्गक्षमता वाढवावी, अशी मागणी या पट्ट्यात सातत्याने होत आली आहे. गाळ सरसकट उपसल्यास उथळ दलदल नाहीशी होईल व तिच्याबरोबर तिच्यावर अवलंबून असलेले पक्षीही जातील. गाळ तसाच ठेवल्यास सायखेड्याच्या बाजारपेठेत पुन्हा पाणी शिरण्याचा धोका राहील. मनोऱ्यावर उभ्या असलेल्या पाहुण्यास या वादाचा गंधही नसतो. भूगोल, प्राणिशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीनही विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र नेऊन अभ्यासता यावा असा दुसरा नमुना जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

सिन्नर

सिन्नर हे सेऊण यादवांचे आरंभीचे राजधानीचे ठिकाण. तेथील गोंदेश्वर मंदिर भूमिज शैलीचे आणि पंचायतन पद्धतीचे असून मध्यभागी शिवाचे मुख्य मंदिर व चार कोपऱ्यांत चार उपमंदिरे अशी त्याची रचना आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असलेले हे मंदिर स्थापत्याच्या दृष्टीने जिल्ह्यातील सर्वांत महत्त्वाच्या वास्तूंपैकी एक असूनही सहलीच्या यादीत त्याचे नाव बहुधा शिर्डीच्या वाटेवरील अर्ध्या तासाचा थांबा म्हणूनच येते.

सिन्नरच्याच माळेगाव औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये के. सी. पांडे यांनी स्थापन केलेले गारगोटी खनिज संग्रहालय आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या उष्ण, क्षारयुक्त द्रवातून अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट यांसारखी खनिजे स्फटिकरूपाने साकळली. विहीर खणताना किंवा खडी फोडताना ही पोकळी उघडी पडते. नाशिकच्या पांडवलेण्यांजवळील खाणींतून निघालेले नमुने जगभरच्या संग्रहांत पोहोचले आहेत. शेतकऱ्याने ज्याला अडचणीचा दगड समजून बांधावर टाकावे, तोच काचेच्या कपाटात प्रकाशझोताखाली ठेवलेला पाहणे हा अनुभव विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील अग्निजन्य खडकांच्या प्रकरणापेक्षा अधिक काही देऊन जातो.

द्राक्षमळा आणि वारुणी

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर नाशिक-दिंडोरी पट्ट्यात वाइननिर्मितीस वेग आला. सुला या उत्पादकाने २००५ मध्ये गंगापूर धरणाजवळ सर्वसामान्यांसाठी आस्वादकक्ष सुरू केला, आणि द्राक्षबाग हे शेतीचे ठिकाण असतानाच सहलीचेही ठिकाण बनले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातील हंटर खोऱ्याशी याची तुलना उद्बोधक आहे. सिडनीपासून सुमारे दोन तासांच्या अंतरावरील त्या खोऱ्यात अनेक लहान-मोठे उत्पादक स्वतःच्या मळ्यातच आपला माल पाहुण्यास चाखावयास देतात व तेथेच विकतात. एकदिवसीय प्रवासी हा त्यांचा थेट ग्राहक असतो.

नाशिकमध्ये परिस्थिती वेगळी आहे. येथील बहुतांश द्राक्षे वाइनसाठी नव्हे, तर खाण्यासाठी पिकविली जातात व त्यांतील मोठा वाटा युरोपसह अन्य देशांत निर्यात होतो. एप्रिलमधील खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास होणारी फळछाटणी, डिपिंग, विरळणी आणि जानेवारी ते एप्रिल या काळातील काढणी हे सारे श्रमाचे व जोखमीचे चक्र पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी येथील हजारो कुटुंबे चालवितात. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर वर्षभराची गुंतवणूक एका दुपारी मातीमोल होते. पाहुणा मात्र सजविलेल्या आस्वादकक्षात बसून परततो. शेजारच्या बागेतील उत्पादकाचा त्याच्याशी संबंध आला तर तो रस्त्याकडेला पेटीभर द्राक्षे विकण्यापुरताच. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारून शेतकऱ्यास स्वतःच्या शेतावर पाहुणे बोलाविण्याचा अधिकृत मार्ग मोकळा केला. तथापि द्राक्षाची काढणी आणि सहलीचा हंगाम एकाच वेळी येतात हे विसरून चालत नाही. मजुरांच्या टोळ्या बागेत असताना आणि निर्यातीच्या मालास बाहेरील हात लागू नये अशी दक्षता घ्यावी लागत असताना पाहुण्यांची सरबराई कोण करणार, हा प्रश्न घरातील स्त्रियांच्या वाढीव कामानेच सुटतो, असे दिसते.

येवल्याच्या पैठणीची गोष्ट थोडी निराळी आहे. विणकराच्या घरी माग चालताना पाहणे आणि तेथेच साडी विकत घेणे या दोन गोष्टी एकाच ओट्यावर घडतात, आणि हातमागास हंगामाचे बंधन नसते. पर्यटकाचा पैसा कारागिरांच्या वस्तीत थेट पोहोचण्याची शक्यता येथे अधिक आहे. यंत्रमागावरील नकली माल ओळखता येणे एवढीच पूर्वअट.

पश्चिमेकडील डोंगर

पावसाळ्यातील सहलींचे खरे क्षेत्र म्हणजे त्र्यंबक-इगतपुरीचा डोंगराळ भाग. हर्षेवाडी व निरगुडपाडा या बाजूंनी चढता येणाऱ्या हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या समाजमाध्यमांवरील छायाचित्रांमुळे सर्वदूर पोहोचल्या. एका वेळी एकच माणूस चढू वा उतरू शकेल अशा त्या जिन्यावर सुटीच्या दिवशी दोन्ही दिशांनी रांगा लागतात व वनविभागास वेळोवेळी निर्बंध घालावे लागतात. त्र्यंबकजवळील दुगारवाडी धबधब्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी अचानक वाढल्याने पर्यटक पलीकडे अडकून पडले होते. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस ओढ्यात किती वेगाने उतरतो याचे ज्ञान स्थानिक आदिवासी गुराख्यास असते, शहरी पाहुण्यास नसते. आणि त्या गुराख्यास विचारण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही.

अंजनेरीचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. या डोंगरावरून २००६ मध्ये कंदीलपुष्पाच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले व तिला अंजनेरीचेच नाव देण्यात आले. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. २०१७ मध्ये या क्षेत्रास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून भाविकांची श्रद्धा असलेल्या या गडावर मोटारीने जाता यावे यासाठी रस्त्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २०२१ मध्ये निसर्गप्रेमींनी त्यास तीव्र विरोध केला. ज्या कातळसड्यावर ही वनस्पती तग धरून आहे तेथे वाहनतळ झाल्यास तिला जाण्यास दुसरी जागा नाही. सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या फ्युनिक्युलर गाडीमुळे वृद्ध व अपंग भाविकांची सोय झाली, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होती. परंतु तोच न्याय प्रत्येक डोंगरास लावता येणार नाही.

आणि याच प्रदेशात, जेथे धबधबे पाहण्यासाठी मोटारींच्या रांगा लागतात, तेथे उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट असते. तीव्र उतार, पातळ मृदा व अच्छिद्र बेसाल्ट यांमुळे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही तो जमिनीत फारसा मुरत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाडा येथील महिला तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन ये-जा करीत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी साकव बसविण्यात आला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला.

क्षेत्रभेटीचा विचार

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यामुळे मुंबई महानगराच्या दृष्टीने इगतपुरी आणखी जवळ आली आहे. जुलै २०२५ मध्ये बागलाण तालुक्यातील साल्हेर किल्ल्याचा समावेश जागतिक वारसा यादीतील मराठा लष्करी स्थळांमध्ये झाला. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे होत आहेत. जवळ येणाऱ्या गावात मुक्कामाची गरज उरत नाही, आणि मुक्काम गेला की स्थानिक खाणावळीचे, वाटाड्याचे व घरगुती निवासाचे उत्पन्नही घटते, हा धोका या सर्व सुधारणांत अंतर्भूत आहे.

महाविद्यालयांच्या सहली याला अपवाद नाहीत. भूगोल विभागाची बस पहाटे निघते, डबे घरून येतात, अहवालासाठी छायाचित्रे घेतली जातात आणि रात्री आठपूर्वी विद्यार्थी घरी पोहोचवावे लागतात. या चौकटीतही काही बदल शक्य आहेत : चापडगावच्या मार्गदर्शकास ठरलेले मानधन देणे, दुपारचे जेवण गावातील बचत गटाकडून घेणे, हरिहरसारख्या स्थळी सुटीचा दिवस टाळून मंगळवार-बुधवारी जाणे, आणि अहवालात पक्ष्यांच्या यादीबरोबर सायखेड्याच्या पूररेषेची नोंद करणे. डिसेंबर-जानेवारीत, सत्र परीक्षेनंतरच्या मोकळ्या दिवसांत, नांदूरमध्यमेश्वरी पक्ष्यांची संख्या भरात असते आणि निफाडच्या बागांत काढणी सुरू होत असते.