शालेय सहल आणि प्रस्तरारोहणाची मर्यादा

जालना जिल्हा बहुतांशी पठारी आहे. तथापि भोकरदन व जाफराबाद तालुक्यांच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे, आणि अंबडचे मत्स्योदरी देवीचे मंदिर माशासारख्या दिसणाऱ्या टेकडीवर वसलेले आहे. जिल्ह्यातील शाळांच्या सहली देवगिरीच्या किल्ल्यावरही जातात. डोंगर दिसला की मुले धावत वर चढू लागतात. अशा वेळी चालण्याची हद्द कोठे संपते व प्रस्तरारोहण, म्हणजे उभ्या कातळावरची चढाई, कोठे सुरू होते, हे शिक्षकाला अचूक ओळखता आले पाहिजे.

यासाठी प्रथम खडकाची ओळख हवी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले. गावात विहीर खोदताना माती व मुरूम संपल्यावर कधी मांजऱ्या खडक लागतो, तर कधी घट्ट काळा पाषाण. डोंगरातही हेच थर असतात. मऊ थर झिजून उतार व सपाटी तयार होते. कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो. त्यामुळे आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. युरोपातील आल्प्स पर्वत मात्र भूपृष्ठाचे थर एकमेकांवर दाबले जाऊन, त्यांना वळ्या पडून उंचावला. तेथे बर्फाचे भय अधिक. येथे सुटे दगड, निसरडा मुरूम व वाळलेले गवत यांचे. देवगिरीची गोष्ट आणखी वेगळी. तेथील डोंगराच्या बाजू शत्रूस चढता येऊ नये म्हणून माणसांनी मुद्दाम तासून उभ्या केल्या आहेत. त्या पाहण्यासाठी आहेत, चढण्यासाठी नव्हेत.

आल्प्समधील एक घटना प्रत्येक सहलप्रमुखाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे. मॅटरहॉर्न हे ४४७८ मीटर उंचीचे शिखर १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर व त्याच्या सहा सोबत्यांनी प्रथमच सर केले. चढाई निर्विघ्न पार पडली. उतरताना मात्र १९ वर्षांच्या एका अननुभवी तरुणाचा पाय घसरला. सर्वजण दोरांनी एकमेकांना बांधलेले असल्याने त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले. मधला दोर तुटला. चौघांचा अंत झाला आणि तिघे वाचले. तुटलेला दोर इतर दोरांहून कमकुवत होता. या घटनेतून तीन गोष्टी उघड होतात : उतरणे हे चढण्याहून अवघड असते; तुकडीचे बळ तिच्यातील सर्वांत अननुभवी माणसावरून मोजावे; आणि नुसता दोर बांधल्याने सुरक्षितता येत नाही.

यावरून शिक्षकबंधुभगिनींनी पुढील मर्यादा पाळणे इष्ट होय.

१. जेथे हातांचा आधार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेथे शालेय सहलीची हद्द संपली असे समजावे. त्यापुढची चढाई प्रशिक्षित मार्गदर्शक व योग्य साधने असल्याखेरीज करू नये. विहिरीवरचा अथवा बैलगाडीचा दोर या कामी वापरू नये.

२. सहलीपूर्वी शिक्षकाने ती वाट स्वतः चढून व उतरून पाहावी. गावातील गुराख्यास सोबत घ्यावे. पाणी, निसरड्या जागा व मोहोळे त्याला ठाऊक असतात.

३. कड्यावर आग्या मोहोळ असल्यास त्या बाजूस जाऊ नये. धूर, गोंगाट व दगडफेक यांस सक्त मनाई करावी.

४. पुढे एक व शेवटी एक शिक्षक असावा. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाची गती हीच तुकडीची गती मानावी. निघताना, माथ्यावर व पायथ्याशी हजेरी घ्यावी.

५. उतारावर मुलांना एकाखाली एक उभे करू नये. दगड सुटल्यास "दगड!" अशी मोठ्याने हाक देण्याची सवय आधीच लावावी.

६. पावसाळ्यात कातळ शेवाळतो व उन्हाळ्यात तापतो. सबब नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ योग्य. पालकांची लेखी संमती, वरिष्ठांची परवानगी व प्रथमोपचार पेटी यांवाचून निघू नये.

चढाईचा मूळ नियम मात्र शाळेच्या अंगणातही शिकवता येतो. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन आधार पक्के असतील तेव्हाच चौथा हलवावा, आणि नव्या आधारावर भार टाकण्यापूर्वी तो चाचपून पाहावा. जमिनीवर आखलेल्या चौकटींत रांगत हा खेळ खेळल्यास मुले तो नियम सहज आत्मसात करतात.

माथा न गाठता परतलेली सहल अपयशी ठरत नाही. ढग दाटले, पाणी संपले किंवा एखादे मूल थकले, तर मागे फिरण्याचा निर्णय शिक्षकाने निःसंकोच घ्यावा आणि त्याचे कारण मुलांना समजावून सांगावे. डोंगर पुढील वर्षीही तेथेच असतो. मुले मात्र त्याच दिवशी सुखरूप घरी पोचली पाहिजेत.