पक्षाची लेखिका, पक्षाची आरोपी

डिंग लिंग या टोपणनावाने चिनी साहित्यात गाजलेल्या जियांग बिंगझी यांचा जन्म १९०४ मध्ये हुनान प्रांतातील लिनली येथे एका जमीनदार घराण्यात झाला. वडील लवकर वारले आणि वैधव्य आलेल्या आईने सासरच्या आधाराने दिवस काढण्याऐवजी स्वतः शाळेत जाऊन शिक्षिकेचा पेशा पत्करला. मुलीच्या बंडखोरीचा उगम शोधायचा तर तो कोणत्याही राजकीय ग्रंथापेक्षा या घरातच अधिक सापडतो.

१९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोफीची रोजनिशी’ या दीर्घकथेने त्यांचे नाव झाले. क्षयाने आजारी असलेली एक तरुणी आपली शारीर ओढ आणि तिच्याविषयी वाटणारा तिटकारा या दोन्हींची निःसंकोच नोंद करते, एवढेच तिचे कथानक असले, तरी स्त्रीच्या मनाचे इतके उघडे चित्रण चिनी वाचकांना नवे होते. त्यांचे पती, कवी हू येपिन, यांना तत्कालीन सत्ताधारी कुओमिंतांग, म्हणजेच राष्ट्रवादी पक्षाने, फेब्रुवारी १९३१ मध्ये शांघायमध्ये ठार केले. त्याच्या पुढच्याच वर्षी त्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाल्या. १९३३ मध्ये त्याच राजवटीने त्यांचे अपहरण करून त्यांना नानजिंगमध्ये नजरकैदेत ठेवले, तेथून १९३६ मध्ये निसटून त्या उत्तर शान्शीतील कम्युनिस्टांच्या तळावर पोहोचल्या. या नजरकैदेतील वर्षांवरून पुढे त्यांच्या स्वतःच्याच पक्षाने त्यांच्यावर वारंवार संशय घेतला.

खरा पेच उभा राहिला तो येनान या कम्युनिस्टांच्या केंद्रात. मार्च १९४२ मध्ये जागतिक महिला दिनाच्या निमित्ताने पक्षाच्या दैनिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखवून दिले, की क्रांतीच्या या राजधानीतही अविवाहित स्त्रीची टिंगल होते, मुले पाळणाघरात ठेवणारीला बोल लावला जातो, आणि घरी राहून ती सांभाळणारीला ‘मागासलेली’ ठरवून तेच घटस्फोटाचे कारण केले जाते. दोनच महिन्यांनी माओ त्से तुंग यांनी साहित्य-कलाविषयक परिषदेत लेखणी राजकारणाच्या सेवेत असावी हे सूत्र घालून दिले. डिंग लिंग यांनी चूक कबूल केली. इतकेच नव्हे, तर सहकारी लेखक वांग शिवेई यांच्यावरील जाहीर टीकेतही त्या सामील झाल्या, आणि त्यांच्या चरित्रातील ही बाजू दडपून चालणार नाही.

भूसुधारणेवरील त्यांच्या ‘सांगगान नदीवरील सूर्य’ या कादंबरीला १९५१ सालचे स्टालिन पारितोषिक मिळाले, परंतु त्या सन्मानाने त्या वाचल्या नाहीत. १९५५ मध्ये पक्षविरोधी गटाचा आरोप झाला, १९५७ च्या मोहिमेत ‘उजव्या विचारांची’ हा शिक्का बसला, आणि पक्षातून काढून त्यांना ईशान्येकडील हेलोंगजियांग प्रांतातील ओसाड भूमीवर शेतमजुरीला धाडण्यात आले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात १९७० ते १९७५ ही वर्षे बीजिंगजवळच्या छिनचेंग तुरुंगात गेली.

१९७९ नंतर त्यांचे पुनर्वसन झाले, तेव्हा छळ सोसलेली ही लेखिका आता पक्षाचा हिशेब मागेल, असे ज्यांना वाटले त्यांची निराशा झाली; १९८३ मध्ये ‘आत्मिक प्रदूषणा’विरुद्धच्या सरकारी मोहिमेला, म्हणजे पाश्चात्त्य वळणाच्या विचारांवरील हल्ल्याला, त्यांनी पाठिंबाच दिला. याला निष्ठा म्हणावे, की दीर्घ भयाची सवय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि एकच उत्तर पुरेसे पडेल असेही दिसत नाही, कारण १९८५ मध्ये त्यांनीच सुरू केलेल्या ‘झोंगगुओ’ या मासिकाने नव्या, प्रयोगशील लेखकांना मोकळेपणाने जागा दिली. मार्च १९८६ मध्ये बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. मासिक त्याच वर्षाअखेर बंद पडले.