रक्त न येणारी हिरडी

मिसरी लावली की हिरड्या घट्ट होतात, असं सांगणाऱ्या बायका धाराशिव जिल्ह्यात कळंबपासून उमरग्यापर्यंत कुठेही भेटतील. त्या खोटं बोलत नसतात. सुजलेल्या हिरडीवर तव्यावर भाजलेली काळी तंबाखू चोळली की ठणका कमी वाटतो, घासताना येणारं रक्तही कमी होतं, हा त्यांचा रोजचा अनुभव. विडी ओढणाऱ्या माणसाचंही तेच. दात पिवळे पडलेले, मुळाशी किटण साचलेलं, पण चूळ भरली तर पाणी स्वच्छ. निरीक्षण खरं आहे, चुकतो तो निष्कर्ष. रक्त थांबलं ते हिरडी बरी झाली म्हणून नव्हे, तर तिच्याकडे येणारं रक्तच आटलं म्हणून. ही चूक आजवर दात पडण्यावर भागत होती. आता पडलेल्या दाताच्या जागी वीस-पंचवीस हजार रुपये मोजून इम्प्लांट बसवून घेणारे लोक जिल्ह्यात दिसू लागले आहेत, आणि तिथे हीच चूक फार महागात पडते.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर लावलेली कॅप. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडांवर प्रयोग करताना लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या तोंडात पहिले असे स्क्रू बसवले. हाडाची बाजू तेव्हापासून पक्की झाली. हिरडीची बाजू मात्र आजही कच्ची आहे. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. तो बारीक धाग्यांच्या झोळीत टांगलेला असतो आणि हिरडीतले धागे त्याच्या मुळात शिरून रुजलेले असतात. इम्प्लांटभोवती ही झोळी नसते. हिरडीचे धागे त्यात शिरत नाहीत, मडक्याच्या गळ्याला सुतळी बांधावी तसे नुसते वेढून राहतात. झोळीतल्या रक्तवाहिन्याही तिच्याबरोबर जातात, त्यामुळे इथल्या हिरडीला रक्त मुळातच कमी मिळतं. आणि दाबाची, दुखण्याची जाणीव देणाऱ्या झोळीतल्या नसाही उरत नाहीत. खऱ्या दाढेखाली खडा आला की माणूस कळवळतो. इम्प्लांटखाली आला तर त्याला नीटसं कळतही नाही.

आता या तुटपुंज्या रक्तपुरवठ्यावर धूर सोडून पाहा. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरून काढणाऱ्या पेशींचं कामही रेंगाळतं. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समजही इथे टिकत नाही. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वरचेवर घ्यावे लागतात, आणि निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड उलट जास्तच आत जातात. पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इजेचं नाही, ती लपण्याचं आहे. इम्प्लांटभोवती किटण साचलं की आधी फक्त हिरडी सुजते. हा टप्पा साफसफाईने परतवता येतो. पुढे सूज हाडापर्यंत गेली की हाड झिजू लागतं, आणि गेलेलं हाड सहजी परत मिळत नाही. पहिल्या टप्प्यात सावध करणाऱ्या खुणा दोनच, लाली आणि रक्त. दुखणं तर इम्प्लांटच्या वाट्याला फारसं नसतंच. तंबाखू नेमक्या या दोन्ही खुणा पुसून टाकते. लंडनमध्ये २००३ साली एका छोट्या अभ्यासात धूम्रपान सोडणाऱ्यांच्या हिरड्या तपासल्या, तेव्हा चार-सहा आठवड्यांत रक्त येणाऱ्या जागांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. सोडल्यामुळे हिरड्या बिघडल्या नव्हत्या. दबलेली सूज बोलू लागली होती.

यावर पारावरचं नेहमीचं उत्तर तयारच असतं : अमक्याने इम्प्लांट बसवून दहा वर्षं झाली, रोज बंडल संपवतो, काही झालं नाही. असे लोक असतात, आणि आकडेही ते नाकारत नाहीत. बेन आणि मॉय या संशोधकांनी १९९३ मध्ये ५४० रुग्णांच्या २,१९४ इम्प्लांटचा हिशेब मांडला. धूम्रपान करणाऱ्यांचे ११.२८ टक्के इम्प्लांट निकामी झाले होते, न करणाऱ्यांचे ४.७६ टक्के. म्हणजे ओढणाऱ्यांचेही शंभरातले जवळपास एकोणनव्वद टिकले. नंतर स्क्रूचे पृष्ठभाग सुधारले, खरखरीत झाले, हाड ते लवकर धरू लागलं. माल्मो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये १०७ अभ्यास एकत्र करून ऐंशी हजारांहून जास्त इम्प्लांट मोजले, तेव्हा अपयश ६.३५ आणि ३.१८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. दोन्ही आकडे उतरले, दुपटीचं अंतर तसंच राहिलं. शिवाय अपयशाचे हे आकडे इम्प्लांट पडला की राहिला एवढंच सांगतात. हाड अर्धं झिजलं असलं तरी उभा आहे तोवर तो यशस्वीच्या रकान्यात जातो. आणि हाड खाली गेल्यावर तोच खरखरीत पृष्ठभाग उघडा पडतो, मग किटणाला धरून बसायला तो आयताच सापडतो. शेजाऱ्याचा उभा इम्प्लांट हा पुरावा आहे खरा, पण कशाचा, ते एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हिरड्यांच्या आजारांचं नवं वर्गीकरण ठरवायला २०१७ मध्ये देशोदेशीच्या तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. इम्प्लांटभोवतीचं हाड झिजवणाऱ्या आजाराची ठाम कारणं म्हणून त्यांनी तीन गोष्टी नोंदवल्या : पूर्वी झालेला हिरड्यांचा गंभीर आजार, अस्वच्छता आणि नियमित तपासणीचा अभाव. धूम्रपानाबाबतचा पुरावा त्यांनी निर्णायक मानला नाही. मग एवढा गवगवा कशाला? तर त्या तिघांतलं पहिलं कारणच पाहा. हिरड्यांचा गंभीर आजार ज्या गोष्टींमुळे बळावतो, त्यांत धूम्रपान अग्रभागी आहे. ते पुढच्या दारातून दिसलं नाही, तरी मागच्या दारातून आत आलेलंच असतं. शिवाय या अभ्यासांत ‘धूम्रपान करणारा’ म्हणजे कोण, याची व्याख्या प्रत्येकाची वेगळी आणि माहिती रुग्णाच्या तोंडची. आणि परिषदेचा प्रश्न होता आजार होण्याचा. इम्प्लांट निकामी होण्याबद्दल आणि हाड जास्त झिजण्याबद्दल माल्मोच्या अभ्यासाचे निष्कर्ष स्पष्ट आहेत. पुरावा निर्णायक नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही.

आपल्याकडे मात्र यापेक्षा मोठा घोळ प्रश्न विचारण्यातच आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरत होते. म्हणजे दवाखान्यात ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारलं, तर तंबाखूचा बहुतांश वापर नोंदीबाहेर राहतो. चुना लावून मळलेली तंबाखू गालात धरणारा शेतकरी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. सकाळ-संध्याकाळ मिसरी लावणारी त्याची आईही ‘नाही’च म्हणेल, तिच्या लेखी ते व्यसन नाही, दात घासणं आहे. इम्प्लांटवरचे बहुतेक अभ्यास सिगारेट मोजतात, मिसरी नाही. पण निकोटीन धुरातून आलं की चोळून, रक्तवाहिनी आवळतेच; आणि तंबाखू जिथे रोज धरली जाते तिथली हिरडी दात उघडा टाकून मागे सरकते, हे तर दंतवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. गुटख्याची गोष्ट आणखी वेगळी. राज्यात २०१२ पासून बंदी असलेल्या या पुडीतली सुपारी तोंडाची आतली त्वचा आवळत नेते. तोंड दोन बोटंही उघडेना झालं, तर स्क्रू बसवायचं अवजार तरी आत कसं जाणार?

म्हणून तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याला इम्प्लांट नाकारावा, असं मात्र मी म्हणणार नाही. बेन यांनीच १९९६ मध्ये दाखवलं की इम्प्लांटच्या आधी एक आठवडा आणि नंतर आठ आठवडे ज्यांनी धूम्रपान बंद ठेवलं, त्यांचे निकाल न ओढणाऱ्यांच्या जवळ आले. नऊ आठवडे पाळता येतात. पंचवीस हजार घालवणाऱ्याने ते पाळावेत, ही अपेक्षा जास्त नाही. एकट्याने जमत नसेल तर १८००-११२-३५६ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. त्यापुढची गरज आहे ती काही दुखत नसतानाही तपासून घेण्याची, आणि ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. १९९९ पासून उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, खेड्यांतल्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होतं. काही त्रास नसताना केलेल्या एका चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये या जिल्ह्याने जगाला दाखवलं. इम्प्लांटची तपासणी त्याहून कितीतरी सोपी. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवायचा, दरवर्षी त्याच्याशी नवा ताडून पाहायचा, आणि दंतवैद्याने बारीक सळईने हिरडीची खोली मोजायची. तंबाखू सोडल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात रक्त येऊ शकतं, हे मात्र रुग्णाला आधीच सांगून ठेवायला हवं. नाहीतर ‘सोडली आणि हिरड्या बिघडल्या’ म्हणत तो पुन्हा विडीकडे वळेल, आणि त्याची आई मिसरीच्या डबीकडे.