मापाची सायकल

मनासारखी सायकल बनवून घ्यायला गेलेला माणूस रंगाबद्दल आणि गिअरबद्दल बोलू लागतो. फ्रेम बनवणारा कारागीर आधी टेप काढतो. जांघेपासून टाचेपर्यंत पाय किती, धड किती, हात किती, पाठ कितपत वाकते, आणि जायचंय कुठे? त्यावरून सीटच्या नळीचा कोन ठरतो, बहुधा ७२ ते ७४ अंशांच्या दरम्यान. एका अंशाच्या फरकाने बसणाऱ्याची कंबर पायडलच्या मागे किंवा पुढे सरकते, आणि शंभर किलोमीटरनंतर तो फरक गुडघ्याला कळतो. शर्यतपटू एडी मर्क्सला तो फार आधी कळत असे. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वा इथल्या ट्रॅकवर पडून त्याची कंबर दुखावली. पुढे भर शर्यतीतसुद्धा तो पाना काढून सीट वर-खाली करी. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते एर्नेस्तो कोल्नागोने खास त्याच्यासाठी घडवलेल्या, सहा किलोंहूनही हलक्या सायकलवर.

माप आपलं असलं तरी सायकलचा आकार आयता मिळालेला आहे. कार्ल फॉन ड्राइसच्या १८१७ च्या लाकडी गाडीला पायडलच नव्हते. जमिनीला पाय मारत जायचं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ आणली. तिची दोन्ही चाकं जवळपास सारखी होती आणि मागचं चाक चेनने फिरत होतं. तीन वर्षांनी बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचा टायर केला. पुढच्या काही वर्षांत त्रिकोणी जोडणीची फ्रेम रुळली, ती अजून हललेली नाही.

मी मात्र सगळ्यात जास्त रेंगाळतो तो नळीपाशी. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्येच दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं होतं. १९३५ मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनमच्या पोलादाची ‘५३१’ आली. तिची भिंत टोकाला ०.८ मिलिमीटर, तर मध्ये जेमतेम अर्धा. जाडी टोकाला ठेवायची, कारण सांधा तिथे असतो आणि आचही तिथेच लागते. नळ्या जोडणाऱ्या कोरीव पोलादी लगमध्ये नळी बसवून, फ्लक्स लावून कारागीर ज्योत फिरवत राहतो. लोखंड तांबूस-नारिंगी झालं की पितळेची काडी एका काठाला टेकवायची. वितळलेलं पितळ आपणहून फटीत ओढलं जातं. पलीकडच्या काठाला त्याची चकाकती रेघ दिसली, की झाळ आरपार गेली. आच जास्त झाली तर नळी जळते, कमी पडली तर सांधा पोकळ राहतो. कानशीने लगच्या कडा कागदासारख्या पातळ करणं त्यानंतरचं, आणि फ्रेमचं सौंदर्य त्यातच आहे.

गिअर निवडताना इतिहास ठाऊक असलेला बरा. १९३७ पर्यंत टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, बंदी होती. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना दात्यांची चक्रं असत. चढ आला की उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं. बर्फाळ घाटात गारठलेल्या बोटांनी चाकाचा नट फिरेना, त्यातून शर्यतपटू तुलिओ काम्पान्योलोला एका झटक्यात सुटणाऱ्या कळीची कल्पना सुचली असं सांगतात. कथा खरी असो-नसो, ती कळ १९३० पासूनची आहे आणि आजही हाताला लागते.

शर्यतीची सायकल देखणी असते. तरीही मला हवी ती लांब पल्ल्याची. मुंबईहून १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा इराण आणि सिनाईची वाळवंटं ओलांडत, पृथ्वीला फेरी घालून १९२८ मध्ये परतले. तेव्हाच्या जड सायकलींवर हे झालं, म्हणून वजनाच्या हिशेबापेक्षा टिकाऊपणा मला मोठा वाटतो. म्हणून टायर रुंद, मडगार्ड पूर्ण, चाकाला छत्तीस स्पोक, सीट चामड्याची. आणि वरंध्याच्या घाटासाठी पुढे तीस दात, मागे चौतीस. हिला वेगवान कुणी म्हणणार नाही. पण उद्या एखादी नळी चेपली, तर सांधा तापवून ती काढता येईल, त्याच मापाची दुसरी बसवता येईल, आणि रंग पुन्हा मारता येईल.